ठराव झाला, पुढे काय?

महाडच्या चवदार तळ्याची हकिकत आपण सत्याग्रहाची म्हणून वाचतो आणि ती तशीच वाचली पाहिजे. पण तालुक्याच्या कोर्टात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाचं लक्ष त्या हकिकतीतल्या एका साध्या कागदाकडे पुन्हा पुन्हा जातं. तो कागद म्हणजे महाड नगरपालिकेचा ठराव.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनं आपल्या हद्दीपुरता तो स्वीकारला आणि तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. तळ्यावर जाण्याची सोय ठरावानं केली होती, पण गावानं केली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि त्या ठरावाचा पहिला अंमल झाला. मग ऑगस्टमध्ये नगरपालिकेनंच आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी पुन्हा सत्याग्रह जाहीर केला, तेव्हा विरोधक दिवाणी कोर्टात गेले. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट फार जुनी आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांना तात्पुरती मनाई मिळाली. परिषदेला माणसं जमलेली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि प्रतिवादी म्हणून कोर्टात उभे राहिले. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्यात अपील फेटाळलं गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे, आणि सांगितली जाते तशी अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. तळ्यावर पाऊल पडल्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी लागले.

स्थानिक संस्थेच्या निर्णयाचं जे जे होऊ शकतं, ते सगळं या एका हकिकतीत आहे. चांगला ठराव होतो आणि अंमल होत नाही. अंमल झाला की ठराव फिरवला जातो. कोणी त्याच्या बाजूनं उभं राहतं, कोणी विरुद्ध कोर्टात जातं. एवढ्या मोठ्या माणुसकीच्या प्रश्नाचा कोर्टातला निकाल शेवटी दोन कोरड्या मुद्द्यांवर लागला. जागा कोणाची? आणि जी वहिवाट म्हणता तिचा पुरावा काय? गेली चाळीस वर्षं माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गावकऱ्याला मी हेच सांगत आलो. तुमचं दुःख खरं आहे, पण ते मांडायला कागद लागतो. हे पुस्तक त्या कागदाबद्दल आहे.

पुस्तक लिहायचं कारण एक वाक्य आहे. ‘ठराव झालाय साहेब, आता काय करणार?’ कचेरीत येणारा माणूस पहिल्यांदा हेच बोलतो. गल्लीच्या तोंडावरची मोकळी जागा पंधरा वर्षांच्या भाड्यानं देण्याचा ठराव झालेला असतो. घरपट्टी एकदम दुप्पट झालेली असते. कचरा डेपो वस्तीला लागून येणार असतो. स्मशानभूमीचा रस्ता कुणाच्या तरी प्लॉटसाठी वळवलेला असतो. माणूस येतो तो हरल्यासारखा येतो, कारण ठराव हा शब्दच त्याला शिक्का मारून बंद केलेल्या दारासारखा वाटतो. दुसऱ्या टोकाला एक असा गट आहे ज्याला वाटतं, हायकोर्टात गेलं की सगळं आठवड्यात उलटेल. हे दोन्ही समज लोकांचं सारखंच नुकसान करतात. पहिल्यानं माणूस घरी बसतो, दुसऱ्यानं तो चुकीच्या दारात वेळ आणि पैसा घालवतो.

कोर्ट नेमकं काय बघतं, हे समजल्याशिवाय पुढचं काही उमजत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. इंग्लंडच्या मध्यभागी वेन्सबरी नावाचं एक छोटं गाव होतं. तिथल्या नगरपालिकेनं चित्रपटगृहाला रविवारी खेळ लावायची परवानगी दिली, पण अट घातली की पंधरा वर्षांखालच्या मुलांना रविवारी आत घ्यायचं नाही, आईबाप बरोबर असले तरी नाही. थिएटरवाले कोर्टात गेले. ही अट अन्यायाची आहे, असं त्यांचं म्हणणं. १९४७ मध्ये अपील कोर्टाचा निकाल लागला आणि थिएटरवाले हरले. लॉर्ड ग्रीन यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. नगरपालिकेच्या खुर्चीत कोर्ट बसणार नाही. आम्हाला तो निर्णय पटतो का, हा प्रश्नच नाही. जे विचारात घ्यायला हवं ते घेतलं का? जे घ्यायला नको होतं ते घेतलं का? आणि कोणत्याही समंजस संस्थेला सुचणार नाही इतका तो निर्णय विपरीत आहे का? एवढंच बघायचं. त्यांनी उदाहरण दिलं ते एका जुन्या खटल्यातलं होतं. शिक्षिकेचे केस लाल आहेत म्हणून तिला कामावरून काढणं. केसांच्या रंगाचा शिकवण्याशी संबंध नाही, इतकं ते उघड आहे.

एका परक्या गावच्या सिनेमाघराचा हा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आणि मुंबई उच्च न्यायालयानं कित्येक निकालांत आधाराला घेतला आहे. टेंडरच्या वादांसाठी १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालानं हीच रेघ आणखी ठळक केली. कोर्ट निर्णयावर अपील ऐकत नाही, निर्णय ज्या रीतीनं झाला ती रीत तपासतं. माझ्या पक्षकारांना हे ऐकून वाईट वाटायचं. ‘म्हणजे निर्णय वाईट आहे हे सांगून उपयोग नाही?’ नुसतं तेवढं सांगून नाही. बाग काढून दुकानगाळे बांधणं वाईट, हे न्यायमूर्तींना घरच्या खिडकीतून दिसत असेल, तरी निवडून दिलेल्या सभेला तो अधिकार कायद्यानं दिला असेल, तर त्यांचे हात बांधलेले असतात. पण ती जागा विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असेल, आरक्षण बदलण्याची कार्यवाही न करताच गाळे मंजूर केले असतील, हरकती मागवल्याच नसतील, तर तोच न्यायाधीश तोच ठराव एका तासात थांबवू शकतो. म्हणून मी लोकांना सांगतो की राग बाजूला ठेवू नका, पण त्याला नीट दिशा द्या. ठराव कसा झाला, ते शोधा.

आणि ठराव कसे होतात? सभेच्या आधी विषयपत्रिका निघते. ती सदस्यांना किती दिवस आधी मिळाली पाहिजे, हे कायद्यात आणि नियमांत लिहिलेलं आहे. विषयपत्रिकेच्या अगदी शेवटी एक ओळ असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. तिथे डोळे उघडे ठेवा. ज्या ठरावांवरून पुढे भांडणं होतात, त्यातले पुष्कळ या ओळीतून आलेले मी पाहिले आहेत. एक सूचक, एक अनुमोदक, ‘मंजूर, मंजूर’ आणि पुढचा विषय. काही वेळा तर इतिवृत्त मागाहून लिहिलं जातं आणि त्यात न झालेली चर्चा येते किंवा झालेला विरोध गळतो. गणपूर्ती होती का? ज्या नगरसेवकाच्या भावाला ठेका मिळाला, तो नगरसेवक मतदानात होता का? ज्याच्या घरावर, दुकानावर, जमिनीवर निर्णयाचा थेट परिणाम होणार होता, त्याचं ऐकून घेतलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भक्कम आहे. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसांना १९८१ च्या पावसाळ्यात हुसकावायचं ठरलं, तेव्हा ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या निकालात न्यायालयानं महापालिकेचा अधिकार कायम ठेवला, त्याबद्दल आजही वाद घालता येतो. पण त्याच निकालानं सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ज्याला हटवायचं त्याचं म्हणणं ऐकून घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. माणसाला आपली बाजू मांडू देणं ही मेहेरबानी नव्हे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाबद्दल देशभरासाठी सूचना दिल्या. त्यानुसार नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबल्याशिवाय बांधकाम पाडता येत नाही. नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि बांधकामावरही डकवायची. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरची अतिक्रमणं आणि कोर्टानंच हुकूम दिलेली पाडकामं मात्र यात येत नाहीत, हे अर्धवट ऐकून कोर्टात धावणाऱ्यांनी आधी वाचावं.

आता दारं. कोर्टाचं दार सर्वांना दिसतं, पण त्याच्या अलीकडची दारं कमी लोकांना माहीत असतात. नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. ठराव बेकायदेशीर असेल, लोकांना इजा किंवा त्रास होणार असेल, सार्वजनिक हिताविरुद्ध असेल, शांतताभंगाची भीती असेल, तर. ग्रामपंचायतीसाठी असाच अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४२ मध्ये आहे. महापालिकेचा ठराव तहकूब करण्याचा किंवा विखंडित करण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकारकडे आहे. ग्रामपंचायतीच्या कराविरुद्ध अपील पंचायत समितीकडे जातं आणि तिथून जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. बांधकाम परवानगी नाकारली किंवा जाचक अटी घातल्या तर नगररचना कायद्याच्या कलम ४७ खाली सरकारकडे अपील आहे. प्रत्येक दाराचा पत्ता, अर्जाचा नमुना आणि सोबत काय जोडायचं ते पुस्तकात पुढे दिलं आहे.

या सरकारी दारांबद्दल एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट सांगायला हवी. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा मंत्रालयाचा अधिकार हा लोकांनी निवडलेल्या सभेवर वरून चालवलेला अधिकार आहे. तो हातात घेणाऱ्याचा पक्ष आणि गावातल्या सत्तेचा पक्ष एक असेल तर अर्ज महिनोन्‌महिने धूळ खातो. वेगळा असेल तर चांगल्या ठरावालाही झटपट स्थगिती मिळते. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, ती गावांना आणि शहरांना स्वतःचा कारभार देण्यासाठी. प्रत्येक भांडणात मुंबईहून स्थगिती आणणं ही मला चांगली सवय वाटत नाही. बेकायदेशीर ठरावाविरुद्ध हे दार जरूर ठोठवा. पण नुसता नावडलेला ठराव असेल, तर त्याचं पहिलं ठिकाण सभागृह आहे, ग्रामसभा आहे, पुढची निवडणूक आहे.

पैसे नाहीत, या उत्तराबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण नगरपालिका जे करत नाहीत त्याबद्दलच्या तक्रारी, त्या जे करतात त्याहून जास्त असतात. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये एका वस्तीत उघडी गटारं होती, लोकांना उघड्यावर बसावं लागत होतं आणि मद्यार्काच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावर येत होतं. रहिवाशांनी मोठ्या कोर्टाचा रस्ता धरला नाही. ते उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेले आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम मागितला. दंडाधिकाऱ्यानं नगरपालिकेला तसा हुकूम दिला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि तिचं मुख्य म्हणणं हेच होतं की तिजोरीत पैसे नाहीत. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला आणि हे कारण अमान्य केलं. कायद्यानं लादलेलं प्राथमिक कर्तव्य टाळायला रिकामी तिजोरी ही सबब होत नाही. तेच कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. दंडाधिकाऱ्यापुढे साध्या कागदावर अर्ज करता येतो. माझ्या अनुभवात गटार, उकिरडा, धोकादायक भिंत, उघडा नाला अशा तक्रारींसाठी हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरलं गेलेलं साधन आहे. तरुण वकिलांना मी आवर्जून सांगतो की रतलामचा निकाल पूर्ण वाचा.

आता मुदतीकडे येतो. माझ्या कारकिर्दीतले जे पराभव मला अजून झोपेत आठवतात, ते बहुतेक मुदतीमुळे झाले आहेत. एक गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. त्यांच्या शहराच्या महापालिकेनं करपात्र मूल्य असं वाढवलं की घरपट्टी पेन्शनला झेपेना. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. शेजारच्या तशाच घराला निम्मा कर होता. त्यांनी आयुक्तांना पत्रं लिहिली, नगरसेवकाला भेटले, पुन्हा पत्रं लिहिली. ती सगळी पत्रं त्यांनी सुंदर अक्षरात नक्कल करून फाइलीत लावली होती. फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा आठ महिने उलटले होते. महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपिलाची मुदत १५ दिवस असते आणि वादातला कर आधी भरावा लागतो. विलंब माफीचा अर्ज केला, तो टिकला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, महापालिकेलाही नाही. ‘मला कोणी पंधरा दिवस म्हणून सांगितलंच नाही,’ एवढंच म्हणाले. हे पुस्तक त्या दिवशी डोक्यात सुरू झालं.

तेव्हा एवढ्या मुदती घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवण्याजोग्या आहेत. नगरपालिका आणि महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर निकाल प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवस, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला १५ दिवस. राज्यघटनेनं निवडणुकीच्या बाबतीत निवडणूक याचिकेशिवाय दुसरा मार्ग ठेवलेला नाही, म्हणून इथे चूक भरून निघत नाही. अविश्वास ठराव चुकीच्या रीतीनं मंजूर झाला असं सरपंचाचं म्हणणं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे ७ दिवसांत जावं लागतं. प्रारूप विकास आराखड्यावर हरकती ३० दिवसांत. महापालिकेवर दिवाणी दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. आराखड्यातलं आरक्षण दहा वर्षांत प्रत्यक्षात आलं नाही, तर जमीनमालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. रिट याचिकेला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशीर केलात तर ‘इतके दिवस कुठे होता’ हा प्रश्न न्यायमूर्ती पहिल्यांदा विचारतात. दुसरा प्रश्न असतो, कायद्यात अपील होतं ते का केलं नाही? या दोन प्रश्नांना उत्तर नसलेली याचिका मी तरी दाखल करणार नाही.

कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक चांगली गोष्ट नोंदवतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे चालतं. सावंतवाडीच्या माणसाला एका तारखेसाठी रात्रभर मुंबईचा प्रवास करावा लागत होता, तो वाचला. आधी औरंगाबाद आणि नागपूर खंडपीठांमुळे मराठवाडा-विदर्भाची जी सोय झाली, तशी ही.

मुदतीच्या पोटात आणखी एक अडचण लपलेली आहे. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराला ३० दिवस. अर्जाला १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये, हे परवडतं. पण अपिलाची मुदत १० किंवा १५ दिवसांची असेल तर नक्कल हातात येईपर्यंत ती संपलेली असते. म्हणून दोन्ही घोडी एकदम दामटावी लागतात. त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि हातात आहे तेवढ्यावर अपील दाखल करा, नक्कल मिळताच जोडतो असं त्यात लिहा. आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ‘साहेबांना हातात दिलं होतं,’ असं सांगणारे मला शेकड्यांनी भेटले, आणि त्यातल्या एकाचंही ते देणं कोर्टात शाबीत करता आलं नाही.

२०२२ पासूनच्या काही वर्षांनी आपल्याला एक वेगळा धडा दिला. निवडणुका लांबल्या, मुंबईसह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सभेचे अधिकार आणि अंमलबजावणीचे अधिकार एकाच सहीखाली आले. प्रस्ताव तिथूनच, मंजुरीही तिथूनच. त्या काळात ठराव होताना ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणणारं सभागृहात कोणी नव्हतं. किती मोठी उणीव होती ती! विरोधी नगरसेवकाची एक ओळ इतिवृत्तात असली की पुढे नागरिकाचं अर्धं काम झालेलं असतं, कारण काय चुकलं ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेचे एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवा असं म्हणत ते एकटे विरोधात उभे राहिले. खर्च मंजूर झाला. पण दीडशे वर्षांनंतरही आपल्याला ते एक मत माहीत आहे. ज्या सदस्यांना वाटतं की हरणारं मत देऊन काय उपयोग, त्यांच्यासाठी मी ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगतो.

निर्णय झाल्यावर भांडण्यापेक्षा होण्याआधी बोलणं कितीतरी सोपं असतं. स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येणारी ‘जाहीर सूचना’ वाचण्याची सवय लावून घ्या. हरकत लिहिताना ‘आमचा याला तीव्र विरोध आहे’ एवढंच लिहू नका. सर्व्हे नंबर, रस्त्याची रुंदी, शाळेपासूनचं अंतर, पाण्याचा निचरा, अशी तपासता येणारी गोष्ट लिहा. एकाच मजकुराच्या दोनशे छापील हरकतींपेक्षा वेगवेगळे मुद्दे असलेल्या पाच हरकती जास्त जड असतात. सुनावणीला बोलावलं तर जाच. तुमच्या मुद्द्याला उत्तर न देताच निर्णय झाला, तर तेच पुढे तुमचं सर्वांत बळकट कारण होईल.

हे पुस्तक वकिलाची जागा घेऊ शकत नाही, तसा दावाही नाही. कायदे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी कलम ताज्या प्रतीत पडताळून घ्या. गोव्याचे पंचायत आणि नगरपालिका कायदे वेगळे असल्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत, त्यासाठी स्वतंत्र पुस्तक हवं आणि ते तिथल्या अनुभवी माणसानं लिहावं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या ठरावांबद्दल पुष्कळ जण विचारतात, पण त्याची वाट सहकार न्यायालयाकडे जाते, तो वेगळा विषय आहे.

सरपंच, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हे पुस्तक त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं नाही. ज्याच्या ठरावाला कोणी आव्हान दिलं, त्याचा अपमान झाला असं समजू नये. नीट विषयपत्रिका काढली, हरकती ऐकल्या, कारणं लिहिली, तर तुमचा ठराव उच्च न्यायालयातही उभा राहतो. वेन्सबरीच्या नगरपालिकेचा राहिला तसा. आणि प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला गावचा शत्रू ठरवून त्याचं नळाचं पाणी, त्याचा दाखला अडवू नये. हे घडताना मी पाहिलं आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे.

वाचकांना एक विनंती. महाराष्ट्र सरकारच्या २०१८ च्या एका निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. काही भांडण नसलं तरी येत्या सोमवारी आपल्या नगरपालिकेत जा, गेल्या सभेचं इतिवृत्त मागा आणि तिथेच बसून ते वाचा.